पाऊस उघडल्यावर टेकडीवर एमटीबी: नवीन लोकांसाठी पहिले चार रविवार

पहिल्या रविवारी सायकल घरीच ठेवा आणि टेकडीवर चालत जा. दसरा झाला की दरवर्षी दोन-चार जण तरी विचारतात की एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांसाठीची सायकल) घेतलीय, किंवा भावाची पडून होती ती काढलीय, पाऊस पण थांबलाय, तर आता टेकडीवर कुठून सुरुवात करू, आणि मी सगळ्यांना आधी हेच सांगतो. ऐकणारा थोडा हिरमुसतो, कारण त्याने गाडी धुवून पुसून झेंडूचा हार घालून तयार ठेवलेली असते. पण मे महिन्यात बघितलेली टेकडी आता तशी राहिलेली नसते. चार महिन्यांच्या पाण्याने वाटा खणून काढलेल्या असतात आणि वर कमरेएवढं गवत उभं असतं, त्यामुळे काय काय खणलं गेलंय ते दिसतच नाही.

मी हे पुण्याच्या टेकड्यांबद्दल लिहितोय, म्हणजे वेताळ टेकडी, तळजाई-पाचगाव, बाणेर-पाषाण, कारण गेली बारा वर्षं मी इथेच चालवतोय. नाशिक, साताऱ्याकडच्या काळ्या दगडाच्या डोंगरांना बरंचसं जसंच्या तसं लागू होईल. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे, तिथली पकड वेगळी आणि तिथला पाऊसही वेगळा, त्यामुळे तिकडच्या लोकांनी गाडीची तयारी आणि सरावाचा भाग घ्यावा, जमिनीचा भाग तिथल्या जुन्या माणसांना विचारावा.

पहिला रविवार: पायी

परतीचा पाऊस पुण्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो, पण नंतरही एखादी संध्याकाळ गडगडाट करून धो धो पडून जाते. त्यामुळे कॅलेंडर बघून ठरवू नका, माती बघून ठरवा. वर गेल्यावर वाटेवरची मूठभर माती घ्या आणि दाबा. लाडू वळला की समजायचं आज सायकलचा दिवस नाही. मुरूम एका दिवसात निथळतो, काळी माती तीन-चार दिवस घेते आणि तोवर ती टायरला अशी चिकटते की चाक फोर्कमधून, म्हणजे ते धरणाऱ्या दांड्यांमधून, फिरत नाही. हे फक्त आपल्या सोयीचं नाहीये. ओल्या मातीत चाकाने जी खाच पडते ती वाळून तशीच घट्ट होते, पुढच्या पावसात पाणी त्याच खाचेतून धावतं आणि दोन वर्षांत तिथे गुडघाभर ओघळ तयार होतो. मी अशी एक चांगली वाट डोळ्यासमोर खराब होताना बघितलीय, त्यामुळे याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही, माती ओली असेल तर परत फिरायचं.

चालताना काय बघायचं ते सांगतो. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, एकावर एक रचलेले. कडक थर कातळ म्हणून उघडा राहतो, मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो. म्हणून आपली टेकडी एकसारखी चढत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी चढते: थोडं सपाट, मग एकदम खडा टप्पा, मग परत सपाट. हे एकदा डोक्यात बसलं की वाट वाचता येते. सपाटीवर माती आणि गवत मिळणार, खड्या टप्प्यावर कातळ आणि त्याच्यावर सांडलेला मुरूम मिळणार. ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तो हाच. फरशीवर बाजरी सांडल्यावर पाय ठेवला तर काय होईल, तसं तिथे टायरचं होतं.

तर खड्या टप्प्यांवर थांबा आणि ओघळ कुठून कुठे गेलाय बघा, कारण मेमध्ये जी रेघ सगळ्यात गुळगुळीत होती नेमकं तिथूनच पाणी गेलेलं असतं. झाडाखाली, खाणीच्या बाजूला, जिथे नऊपर्यंत ऊन पोचत नाही तिथे कातळावर शेवाळ असतं, काळं पडलेलं, वरून वाळल्यासारखं दिसतं पण दंव पडलं की साबण. बूट घासून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चर. पाणी मुरावं म्हणून वनखात्याने उतारांवर आडवे चर खणलेले असतात, समतल चर म्हणतात त्यांना, फूट-दीड फूट खोल, आणि फार चांगलं काम आहे ते, आपल्या विहिरी-बोअरला पाणी त्यामुळेच टिकतं. पण ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर दोन्हीकडून गवत झुकून छप्पर झालेलं असतं. दुसऱ्याच वर्षी मी आठवणीवर विसंबून वेताळ टेकडीच्या उतारावर एक शॉर्टकट घेतला, पुढचं चाक सरळ चरात गेलं आणि मी हँडलवरून पुढे. हात टेकला गेला. सूज फारशी नव्हती म्हणून मी चार दिवस तसाच हिंडलो, आणि मग कळलं की मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर, सीझन संपला. हे एवढ्यासाठी सांगतोय की तळहातावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा आहे तिथे दाबल्यावर दुखलं तर सूज नसली तरी एक्स-रे काढा आणि पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही पण दुखणं राहिलं तर परत दाखवा, कारण या हाडाची चीर पहिल्या दिवशी कधीकधी दिसत नाही. आणि गवतातून सायकल घालायची नाही, अजिबात नाही, जिथे माती उघडी दिसतेय त्या मळलेल्या वाटेवरूनच जायचं.

चालून येताना फोनवर वाट रेकॉर्ड करा आणि शंका वाटली त्या जागांचे फोटो काढा. एवढं झालं की पहिला रविवार झाला.

मधल्या आठवड्यात गाडी

नवीन गाडी घेणार असाल तर हार्डटेल घ्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन. पुढे १०० मिमी दबणारा फोर्क, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, २.१ किंवा २.२ इंची टायर, एवढं असलं की आपल्या टेकड्यांना पुरतं. मागेही सस्पेन्शन असलेल्या स्वस्त गाड्यांच्या नादी लागू नका, त्या जड असतात आणि चढावर तुमची अर्धी ताकद त्या स्प्रिंगमध्ये जाते. सेकंड हँड चांगली मिळाली तर उत्तमच, फक्त फ्रेमच्या जोडांवर चीर आहे का आणि चाकं सरळ फिरतात का ते बघून घ्या. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिल्यावर वरच्या दांड्यात आणि तुमच्यात दोन इंच तरी जागा हवी, उतारावर अचानक उतरावं लागतं तेव्हा त्या दोन इंचांची किंमत कळते.

जुनी गाडी पार्किंगमध्ये चार महिने उभी असेल तर आधी चेन. फडक्याने पुसून काढा, डिग्रीझरने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मग प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. बरेच जण पुसत नाहीत, आणि मग दिवाळीनंतर जी धूळ सुरू होते ती त्या तेलात बसून काळा मलम होतो आणि दातऱ्या खातो.

ब्रेक सगळ्यात नीट बघा. पॅडवरचा मसाला एक मिलिमीटरपेक्षा कमी राहिला असेल तर बदला. पावसाळ्यानंतर डिस्कवर गंजाची हलकी पापुद्री येते आणि ब्रेक किंचाळतात, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसा. डिस्कवर कधीही स्प्रे किंवा तेल मारू नका, एक थेंब पॅडमध्ये मुरला की ते पॅड जवळजवळ गेलेच. नवीन पॅड टाकले तर सोसायटीच्या रस्त्यावर जरा वेगात जाऊन ब्रेक दाबत वेग अगदी कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, असं १५-२० वेळा, पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा. त्याशिवाय नवीन पॅड नीट पकडत नाहीत.

मग टायर. आपल्या टेकड्यांचा खरा शत्रू घसारा नाही, काटे आहेत. बाभूळ, हिवर, बोर, तिन्ही आहेत, आणि पावसाच्या वाऱ्यात तुटलेल्या फांद्या वाटेवर पडून वाळलेल्या असतात. ट्यूबलेस असेल तर सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं आतलं द्रव, दर तीन-चार महिन्यांनी सुकतं, म्हणजे मेमध्ये टाकलेलं आता नाहीच असं समजा आणि २९ इंची चाकाला १०० मिली तरी नवीन टाका. ट्यूब असेल तर खिशात दोन ट्यूब.

पंक्चर काढायची पद्धत एकदा घरी करून बघा, वर उन्हात पहिल्यांदा करू नका. ट्यूब बदलणं सोपं असतं, चुकतं ते काटा शोधण्यात. बाभळीचा काटा आत मोडून बसतो, बाहेरून दिसत नाही, आणि तुम्ही नवीन ट्यूब टाकून हवा भरली की दोनशे मीटरवर परत फुस्स. तर ट्यूब काढली की पायातला मोजा काढून हातात घाला आणि टायरच्या आतून हळूहळू पूर्ण गोल फिरवा, एकदा या बाजूने, एकदा उलट. जिथे मोज्याचा धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवलं तर बोटात जातो, मोज्याला तो बरोबर सापडतो. मग बाहेरून दाबून टोक वर आणायचं आणि नखाने किंवा मल्टीटूलच्या पक्कडीने ओढून काढायचं, आणि काढल्यावर परत एकदा मोजा फिरवायचा, कारण बाभळीचे काटे जोडीने असतात.

हवा किती? साईडवॉलवर छापलेला मोठा आकडा बघून भरू नका. ६५ ते ७५ किलोच्या माणसाला ट्यूबवर मागे ३२, पुढे २८ पीएसआय, ट्यूबलेसवर मागे २६, पुढे २३ इथून सुरू करा. फार घट्ट टायर मुरमावर टप्पे खातो आणि पकडच घेत नाही. ट्यूबवर फार कमी केली तर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात, ती दिसली की समजा चार पीएसआय वाढवायचे.

हेल्मेट घ्यायलाच हवं, त्यावर चर्चा नको. आत ईएन १०७८ (सायकल हेल्मेटचं युरोपियन मानक) असा शिक्का आहे का बघा आणि एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला. पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज, साधा पारदर्शक चष्मा कारण घाणेरीच्या फांद्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येतात, आणि चपट्या तळाचे बूट. क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवायच्या पट्ट्या) वगैरे या वर्षी नको. मोजे लांब आणि गुळगुळीत घाला, लोकरीसारखे असतील तर कुसळं त्यातून काढता काढता संध्याकाळ होईल.

पार्किंगमधला सराव, रोज वीस मिनिटं

हा भाग लोक वगळतात आणि मग टेकडीवर घाबरतात. तीन गोष्टी करा.

पहिली म्हणजे उभं राहणं. दोन्ही पेडल आडवी, एका पातळीत, पार्श्वभाग सीटवरून उचललेला, गुडघे आणि कोपरं थोडी वाकलेली, कोपरं बाहेर, नजर लांब. वजन सगळं पायात, हात हलके, इतके हलके की हँडलवर बोटांनी पियानो वाजवता यावा. उतारावर पूर्ण वेळ याच पोझिशनमध्ये राहायचंय त्यामुळे मांड्या भरून येईपर्यंत सराव करा.

दुसरी ब्रेक. प्रत्येक लिव्हरवर एकच बोट, बाकी तीन हँडलला. लहानपणी आपल्याला शिकवलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील, आणि ती भीती हातात बसलेली असते. खरं म्हणजे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो, फक्त तो हळूहळू पिळायचा, लिंबू पिळतो तसा, एकदम आवळायचा नाही, आणि दाबताना शरीर मागे-खाली न्यायचं. खडूने रेघ मारा आणि दर वेळी बरोबर रेघेवर चाक थांबवा. मग जिथे बांधकामाची वाळू सांडलीय तिथे हेच करून बघा आणि मागचं चाक घसरायला लागलं की बोट किती सैल केल्यावर ते परत पकडतं ते अनुभवा. तो अनुभव शब्दात सांगता येत नाही, बोटाला कळावा लागतो.

तिसरी म्हणजे अगदी हळू चालवणं. चालणाऱ्या माणसापेक्षा हळू, पाय न टेकता, पार्किंगच्या एका चौकोनात. ज्याला हळू चालवता येतं त्याला टेकडीवर फार कमी वेळा उतरावं लागतं.

दुसरा रविवार: माथ्यावरची सपाटी

वेताळ टेकडी ही पुणे शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी एक, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, म्हणजे शहरापेक्षा सव्वादोनशे-अडीचशे मीटर वर. सुरुवातीला पायवाटेने चढायची गरज नाही, एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेकडून डांबरी रस्त्याने वर या. चढाची टेस्ट एकच, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम लागत असेल तर गिअर हलका करा आणि वेग कमी करा. चार महिने बसलेल्या शरीराला पहिल्या दिवशी ताणलंत तर पुढचे तीन दिवस जातात आणि मग पुढच्या रविवारी उठवत नाही.

वर आलात की वेताळबाबाच्या देवळाकडे जाणारी रुंद मातीची वाट घ्या. इथे मुरूम आहे, छोटे दगड आहेत, मधेमधे कातळ आहे, पण उतार फारसा नाही, म्हणजे चूक झाली तरी पाय टेकून उभं राहता येतं. हीच वाट तीन-चार वेळा जा-ये करा. दगडाकडे बघू नका, ज्याच्याकडे बघाल तिथेच चाक जातं. दोन दगडांमधल्या जागेकडे बघा.

छोटे चढ येतील तिथे गिअर चढाच्या आधी बदला, चढ लागल्यावर चेनवर जोर असताना बदलला तर कडकड होते आणि कधी चेन उतरते. मगाशी पायऱ्यांचं सांगितलं ते इथे उपयोगी पडतं, खडा टप्पा समोर दिसला की वीस पावलं आधीच हलक्या गिअरवर यायचं. मुरमाच्या चढावर उभं राहून पेडल मारलं तर मागचं चाक जागेवर फिरतं, म्हणून सीटच्या टोकावर बसा, छाती हँडलकडे न्या आणि गोल गोल सारखं पेडल मारा.

पहिल्या दिवशी एकूण आठ किलोमीटर झाले तरी भरपूर. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, सकाळी गार वाटतं आणि साडेनऊला कातळ तापलेला असतो, त्यामुळे उजाडताना, म्हणजे साडेसहाला वर असा आणि नऊला खाली. दीड लिटर पाणी, दोन केळी नाहीतर गूळ-शेंगदाणे. पंप, ट्यूब, टायर लिव्हर, चेन तोडायच्या पिनेसकट मल्टीटूल, एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि एक शिट्टी.

तिसरा रविवार: उतार

आधी सीट खाली करा, चार बोटं तरी. लाज वाटायचं काही कारण नाही, उतारावर सीट वर असेल तर ती तुम्हाला मागून ढकलते. फोर्कला लॉकआउट (सस्पेन्शन बंद करायची सोय) असेल तर तो उघडा आहे ना बघा.

उतार असा निवडा जो तुम्ही चाललेला आहात आणि ज्याच्या शेवटी सपाटी दिसते, खाली थेट रस्ता किंवा कडा नको. वर थांबून रेघ ठरवा, कुठून जायचं, कुठे ब्रेक सोडायचा. हे ब्रेक सोडणं सगळ्यात अवघड आहे. घसाऱ्यावर माणूस घाबरून दोन्ही ब्रेक आवळतो, चाकं लॉक होतात, आणि लॉक झालेलं चाक म्हणजे बाजरीवरची ताटली, ती कुठेही जाते. फिरणारं चाकच वळतं. त्यामुळे ब्रेक जिथे जमीन घट्ट आहे तिथे लावायचे, घसाऱ्याच्या तुकड्याच्या आधी वेग उतरवायचा, तो तुकडा बोटं सैल ठेवून सरळ पार करायचा आणि पुढे घट्ट जमीन आली की परत ब्रेक. पहिल्यांदा हे करताना पोटात गोळा येतो, पण मागचं चाक जरासं हललं आणि आपोआप परत सरळ झालं हे एकदा जाणवलं की खांदे खाली येतात, श्वास सुटतो. मला आजही दर सीझनच्या पहिल्या घसाऱ्यावर तो क्षण तसाच येतो आणि त्यासाठीच मी वर्षभर वाट बघतो.

वळणावरही तेच, ब्रेक वळणाच्या आधी. वळताना बाहेरचा पाय खाली, त्याच्यावर पूर्ण वजन, आणि मान वळवून वळणाच्या शेवटाकडे बघायचं. जमत नाहीये असं वाटलं तर उतरा आणि गाडी हातात धरून खाली या, परत वर जा, परत बघा. मी अजूनही काही जागी उतरतो.

टेकडी आपल्या एकट्याची नाही

सकाळी टेकडीवर जे काका-काकू, आजोबा दिसतात ते तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं येतायत, त्यातल्या कित्येकांनी बाटल्या-कॅन वाहून इथली झाडं जगवलीत. त्यांच्या मागून सूं करून गेलात तर त्यांचा तोल जाऊ शकतो, आणि उद्या गेटवर सायकलबंदीची पाटी लागली तर त्यात आपला हात असेल. लांबूनच बेल, मग आवाज, "काका, उजवीकडून येतोय", मग चालण्याच्या वेगाने पुढे आणि जाताना थँक्यू. वाट अरुंद असेल तर आपण थांबायचं. शेळ्या-म्हशी असतील तर पूर्ण उतरायचं. चढणाऱ्या सायकलवाल्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची. गेटवरची वेळेची आणि नियमांची पाटी वाचा, काही भागात सायकल नेऊ देत नाहीत, तिथे वाद घालू नका. नवीन वाट पाडायची नाही आणि चिखलाचं डबकं आलं म्हणून बाजूच्या गवतातून जायचं नाही.

एकट्याने जाऊ नका, आणि अंधार पडायच्या आत खाली या, टेकड्यांवर लुटीचे प्रकार झालेत. घरी सांगून जा कुठून चढणार, कुठून उतरणार. कुत्र्यांची टोळी मागे लागली तर पळवू नका, उतरून सायकल मधे धरा आणि शांतपणे पुढे सरका. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी इंजेक्शन. या दिवसात सकाळच्या उन्हाला घोणस, फुरसं वाटेवर येऊन बसतात, लांबून दिसलं की थांबा, ते जातात. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका, हलू न देता लवकरात लवकर दवाखान्यात, १०८ ला फोन. जखमी प्राणी दिसला तर वनखात्याचा १९२६.

चौथा रविवार: छोटा लूप

आता एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरा. डांबरी रस्त्याने वर, देवळापर्यंत सपाटी, खाणीच्या बाजूने चक्कर, मग पाषाणच्या पंचवटीकडे उतरायचं की चतुःशृंगीकडे ते तुम्ही पायी कुठे फिरलात त्यावर ठरवा. बाणेरकडे राहणाऱ्यांनी तुकाईच्या देवळाकडून, सहकारनगर-धनकवडीच्या लोकांनी तळजाईवरून हेच करावं, तळजाईला रविवारी फार गर्दी असते म्हणून शक्यतो आठवड्यातली एखादी सकाळ घ्या. कात्रज ते सिंहगडची धार किंवा बोपदेवच्या वरचं कानिफनाथ, हे सगळं डोळ्यासमोर असू द्या, पण या वर्षी नाही. कात्रज-सिंहगड पायी जाणाऱ्यालाही दमवतो, आणि तिथे अडकलात तर सायकल खांद्यावर घेऊन उतरावं लागतं.

नोव्हेंबर सरत आला की जमीन परत बदलते. गवत वाळून आडवं होतं, चर दिसायला लागतात, शेवाळ जातं, पण माती भुसभुशीत होऊन घसारा वाढतो. तेव्हा टायरमधली हवा एक-दोन पीएसआय कमी करून बघा आणि वळणं अजून हळू घ्या. गवत पेट घेण्याचे दिवसही तेव्हापासूनच सुरू होतात, ग्रुपमध्ये कोणी सिगरेटवाला असेल तर त्याला खालीच सांगा.

घरी आल्यावर गाडी आत घेण्याआधी पाच मिनिटं द्या. प्रेशर पाइपने धुवू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं, कोरड्या ब्रशने माती झाडा. मग खाली वाकून मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, दोन छोट्या चाकांकडे बघा. कुसळं आणि गवताच्या काड्या तिथे दोऱ्यासारख्या गुंडाळल्या गेलेल्या असतात, वरून दिसत नाहीत आणि पुढच्या रविवारी गिअर उड्या मारायला लागतो. चिमटा घ्या, पेडल उलटं फिरवत एकेक काडी ओढून काढा, शेवटची काडी निघाली की चाक बोटाने फिरवल्यावर आवाज न करता फिरतं.